आमच्या कारखान्यातील विजेच्या गाड्या

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणावरून)



वर्धापनदिनाला मी काहीतरी बोलावे असा आपल्या कार्यवाहांनी आग्रह धरला, तेव्हा मी त्यांना स्पष्ट सांगितले की, मला व्याख्यान देता येत नाही. गेली बारा वर्षे मी अंबडच्या औद्योगिक वसाहतीतील एका लहानशा कारखान्याची कचेरी सांभाळते. हजेरी, पगार, बिले, पत्रव्यवहार हेच माझे विषय. त्या म्हणाल्या, “मग तेच सांगा. तुमच्याकडे विजेच्या गाड्यांची सोय केली म्हणे, ती कशी केली ते सांगा. आमच्या वाड्याच्या जागी झालेल्या इमारतीत त्यावरून रोज भांडणे होतात.” भांडणांचा मला चांगला अनुभव असल्यामुळे मी होकार दिला.

आरंभी एक गंमत सांगते. विजेची गाडी म्हणजे अगदी आजकालचे खूळ, असे आपल्यापैकी पुष्कळजणींना वाटत असेल. मलाही तसेच वाटे. परंतु सव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिकेत या गाड्या रस्त्यावर धावत होत्या, आणि त्या मुख्यतः बायकांच्या गाड्या म्हणून खपत. पेट्रोलची गाडी सुरू करायची तर पुढे उभे राहून लोखंडी दांडा गरागरा फिरवावा लागे. तो उलटला तर मनगट मोडे. विजेच्या गाडीला दांडा नाही, धूर नाही, वास नाही. ज्या हेन्री फोर्डसाहेबांनी पेट्रोलच्या लक्षावधी गाड्या रस्त्यावर आणल्या, त्यांच्या पत्नी क्लाराबाई स्वतः मात्र विजेची गाडी चालवीत असत! पुढे १९१२ साली पेट्रोलच्या गाडीला बटण दाबून सुरू होणारा स्टार्टर बसला, पेट्रोल स्वस्त झाले, आणि विजेची गाडी मागे पडली. आपल्या देशात २००१ साली बंगलोरहून ‘रेवा’ नावाची चिमुकली गाडी निघाली, तेव्हा लोक तिला हसले. आज आपल्या कॉलेजरोडवर पाच मिनिटे उभ्या राहा, हिरव्या पाटीच्या किती गाड्या जातात ते मोजता मोजता कंटाळाल.

असो. आता आमच्या कारखान्याकडे वळते.

आमच्याकडे वीजघरांना आणि कारखान्यांना लागणारे पत्र्याचे पॅनेल तयार होतात. म्हणजे दुसऱ्यांच्या विजेची बडदास्त ठेवणे हाच आमचा धंदा. पण दिव्याखाली अंधार म्हणतात ना, तशी आमची गत होती. आमच्या एका वरिष्ठ साहेबांनी विजेची मोटार घेतली. ते ती कचेरीच्या खिडकीशी उभी करीत, आणि खिडकीतून एक लांबलचक एक्स्टेन्शनची वायर बाहेर सोडून तिला जोडीत. वायरचे दुसरे टोक होते झेरॉक्सच्या यंत्रामागच्या प्लगात. दोन महिने हे सुरळीत चालले. एके दिवशी दुपारी जेवणाच्या सुट्टीत कचेरीत जळका वास आला. पाहतो तो बोर्ड वितळून काळा पडलेला, आणि शेजारच्या फायलींच्या गठ्ठ्याच्या कडा करपलेल्या. आमच्या स्टोअरच्या काकांनी धावत जाऊन मुख्य कळ बंद केली म्हणून निभावले. त्या गठ्ठ्यात भविष्यनिर्वाह निधीची सगळी कागदपत्रे होती, बरे का!

असे का झाले, ते वायरमनने मला नंतर समजावून सांगितले, आणि ते आपणा सर्वांच्या उपयोगाचे आहे. आपल्या घरी गीझरला मोठ्या पिनेचा प्लग असतो. गीझर पंधरावीस मिनिटे चालतो आणि बंद होतो; तेवढ्यात प्लग कोमट होतो, नि पुन्हा निवतो. मोटार मात्र त्याच प्लगातून जवळजवळ गीझरइतकीच वीज घेते, आणि ती आठ आठ तास घेत राहते. पिना जराशा सैल असल्या, वायर बारीक असली, किंवा वायरचे भेंडोळे गुंडाळलेलेच ठेवले, तर उष्णता साचत जाते. विजेच्या स्कूटरचे तसे नाही. तिचा चार्जर मिक्सरच्या आसपास वीज घेतो, त्याला साधा, पण घट्ट, प्लग पुरतो. म्हणजे ‘विजेची गाडी’ असे एकच नाव असले, तरी मोटार आणि स्कूटर यांच्या भुकेत हत्ती आणि शेळी इतके अंतर आहे.

हे मला तेव्हा ठाऊक असते तर पुढचे रामायण टळले असते. दुसऱ्याच दिवशी मालकांनी मला बोलावून नोटीस काढायला सांगितली: ‘कारखान्याच्या आवारात कोणत्याही खाजगी वाहनास वीज घेण्यास सक्त मनाई आहे.’ मी ती टाइप केली, शिक्का मारला, आणि माझ्या हाताने फळ्यावर लावली. एक काम झाले, असे मला वाटले.

मोटारवाल्या साहेबांचे काही अडले नाही. त्यांच्या इमारतीत खाली त्यांच्या जागेवर सोय होती. ते रात्री घरी गाडी लावू लागले. पण आठवड्याने आमच्या तपासणी विभागातील एक मुलगी माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली, आणि तिने राजीनामा पुढे ठेवला.

ही मुलगी सिन्नरहून येते. वडील नाहीत, धाकटा भाऊ शिकतो आहे. तिने हप्त्याने विजेची स्कूटर घेतलेली. घेताना दुकानदाराने सांगितले होते की, एकदा भरली की ऐंशी किलोमीटर जाईल. प्रत्यक्षात ती साठपासष्ट जाई, आणि तीन वर्षांनी पन्नासावर आली. बॅटरीचे असेच असते. वापराने आणि उन्हाने तिची धारणा कमी होत जाते. सिन्नर ते अंबड जाऊनयेऊन साठ किलोमीटर. शिवाय, ज्या त्या रस्त्याने गेल्या असतील त्यांना ठाऊक आहे, सकाळी नाशिककडे येताना मोहदरीचा घाट उतरायचा असतो, पण संध्याकाळी घरी जाताना तोच चढायचा असतो. म्हणजे बॅटरी जेव्हा तळाला गेलेली, नेमका तेव्हा चढ!

नोटीस लागल्यावर पहिले तीन दिवस तिने काय केले ते ऐका. एक दिवस नाशिकरोडला एका चहावाल्याला वीस रुपये देऊन तासभर स्कूटर लावली. दुसऱ्या दिवशी वेगाचा काटा पंचविसाच्या पुढे जाऊ न देता गेली. तिसऱ्या दिवशी शिंद्याच्या पुढे घाटाच्या पायथ्याशी गाडी बंद पडली, आणि अंधारात ट्रकांच्या रांगेच्या कडेने ती अर्धा घाट गाडी ढकलीत गेली. शेवटी एका टेम्पोवाल्या भल्या माणसाने गाडी वर चढवून दिली. चौथ्या दिवसापासून ती बसने येऊ लागली, तर पहिल्या पाळीला उशीर होऊन तिचा अर्धा अर्धा दिवस कापला जाऊ लागला. आणि तो कापत कोण होते? मीच!

“ताई, आधी मी खालच्या शेडमध्ये लावत होते. कोणाला त्रास नव्हता. प्लग तर साहेबांच्या गाडीने जळला ना?” एवढेच ती म्हणाली. मला उत्तर देता आले नाही. मी राजीनामा ड्रॉवरमध्ये ठेवला आणि तिला म्हटले, “आठ दिवस थांब.”

भगिनींनो, खरे सांगायचे तर मालक वाईट नाहीत. त्यांच्यासमोर बसले तेव्हा त्यांनी तीन शंका काढल्या, आणि तिन्ही रास्त होत्या. पहिली आगीची. दुसरी अशी की, आपण कामगारांकडून विजेचे पैसे घेतले तर ती वीजविक्री होईल, आणि त्याला परवाना लागेल. तिसरी मोठी बोचरी होती. “बाई, जे पेट्रोलच्या गाडीने येतात त्यांना मी पेट्रोल देतो का? मग विजेवाल्यांचेच लाड का?”

परवान्याच्या शंकेला उत्तर सापडायला मला दोन दिवस लागले. गाडीची बॅटरी भरून देणे ही वीजविक्री नसून सेवा आहे, तिला वीजपुरवठ्याचा परवाना लागत नाही, असा खुलासा केंद्र सरकारच्या ऊर्जा मंत्रालयाने एप्रिल २०१८ मध्येच केलेला आहे. आणि आपल्या घरी किंवा कचेरीत, आहे त्याच वीजजोडणीवरून गाडी भरता येते, हेही २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत लिहिले आहे. मी दोन्ही कागद काढून त्यांच्यासमोर ठेवले. महाराष्ट्र सरकारचेही २०२१ साली आणि पुन्हा २०२५ साली विजेच्या वाहनांविषयी धोरण जाहीर झाले. दुसऱ्यात तर २०३० पर्यंत नव्या गाड्यांपैकी शंभरात तीस विजेच्या असाव्यात असे म्हटले आहे. तेही सांगितले. मालक म्हणाले, “सरकारचे मला सांगू नका, आगीचे सांगा.”

तेव्हा वायरमनला बोलावले. त्याने सांगितलेल्या गोष्टी मी वहीत उतरवून घेतल्या, त्या अशा. प्रत्येक गाडीच्या प्लगाला मुख्य बोर्डापासून स्वतंत्र वायर हवी. एका वायरीवर दोन प्लग नकोत. प्रत्येकीला आपली एमसीबी, आणि शिवाय गळती ओळखणारी आरसीसीबी हवी. ती कशासाठी? पावसात ओल्या हाताने कोणी पिन धरली आणि वीज अंगातून जमिनीत जाऊ लागली, तर ही कळ डोळ्याचे पाते लवते न लवते तोच वीज तोडते. ती तीस मिलिअँपिअरची असावी. साधी एमसीबी वायरीला वाचवते, माणसाला नाही. माझ्या स्वतःच्या घरी ती नव्हती, हे मला त्या दिवशी कळले. आणि अर्थिंग! आमच्या आवारातला अर्थिंगचा खड्डा कित्येक वर्षे कोणी उघडला नव्हता. त्यात कोळसा होता, मीठ होते, पण पाण्याचा थेंब नव्हता. पाहिला तेव्हा त्यात मुंग्यांनी घर केले होते. अर्थिंग धड नसेल तर मोटार वीज घ्यायलाच नाकारते, इतकी ती शहाणी असते. आपण मात्र त्याच अर्थिंगवर वर्षानुवर्षे फ्रिज चालवतो.

भिंतीवर लावायची जी पेटी मिळते, तिच्याविषयीही माझा गैरसमज होता. मला वाटे, चार्जर म्हणजे तीच. वायरमन हसला. बॅटरी भरणारा खरा चार्जर मोटारीच्या पोटातच असतो. भिंतीवरची पेटी म्हणजे एक हुशार कळ. ती आधी गाडीशी बोलते, जोड पक्की आहे ना, अर्थिंग आहे ना, किती वीज घ्यायची ते ठरवते, आणि मगच वीज सोडते. महामार्गावर जी मोठी कपाटे दिसतात ती निराळी. ती एकदम मोठा प्रवाह थेट बॅटरीत ओततात. कारखान्यात त्यांची गरजच नाही. गाडी नऊ तास उभी असते, तिला कसली घाई?

आता जागेचा प्रश्न आला, आणि तिथे माझा पहिला वाद झाला. वायरमनने खडूने खूण केली ती मालकांच्या पोर्चमध्ये, मोटारीपाशी. स्कूटरचे ‘पुढे पाहू’ म्हणाला. मी म्हटले, आधी शेडमध्ये स्कूटरचे चार प्लग, मग मोटारीची पेटी. पैसे कमी पडले तर पेटी राहील, प्लग राहणार नाहीत. मालक माझ्याकडे पाहतच राहिले. पण ते हिशेबी गृहस्थ आहेत. मी त्यांना मांडून दाखवले: साठ किलोमीटरला स्कूटर सुमारे दोन युनिटे घेते, युनिटाला दहा रुपये धरले तरी वीस रुपये. तेवढ्याच अंतराला पेट्रोलच्या स्कूटरला सव्वा लिटरहून अधिक लागते, म्हणजे सव्वाशे रुपयांच्या वर. रोज शंभर रुपये वाचणारी मुलगी नोकरी सोडून जात नाही. आणि नवी मुलगी शिकवून तयार करायला आम्हाला सहा महिने लागतात, हे त्यांना माझ्याहून अधिक माहीत होते.

तिसऱ्या शंकेचे उत्तर असे काढले की, फुकट कोणालाच द्यायचे नाही. प्रत्येक प्लगाला एक लहान मीटर, नावाची वही, महिन्याच्या पगारातून युनिटाप्रमाणे कापणे. मालकांची गाडी लागली तर त्यांच्याही नावावर. त्यामुळे पेट्रोलवाल्यांचे तोंड बंद झाले, आणि दुसरा एक फायदा झाला. फुकट असले म्हणजे ज्यांच्या घरी सोय आहे तेही येऊन जागा अडवतात. पैसे पडू लागल्यावर गरजू तेवढेच आले. माझ्या मते इमारतींतून जी भांडणे होतात, त्यांतली निम्मी ‘सामाईक मीटर’ या दोन शब्दांनी होतात.

नोटीस काढून टाकली. राजीनामा मी ड्रॉवरमधून काढून तिला परत दिला. तिने तो तिथेच फाडला.

इथे गोष्ट संपली असती तर मी मोठ्या मानाने खाली बसले असते. पण पहिल्या महिन्याचे वीजबिल आले, आणि मालकांनी ते न बोलता माझ्या टेबलावर ठेवले. कारखान्याच्या बिलात, आपण किती वीज वापरली याखेरीज, एका वेळी जास्तीत जास्त किती ओढली याचाही आकार असतो. महावितरणशी आपण जो आकडा ठरवलेला असतो, त्याच्या पुढे महिन्यात एकदा अर्धा तास जरी गेलो, तरी वरच्या भागाला दीडपट दर पडतो. आमचा आकडा पन्नासाचा. सकाळी नऊ वाजता रंगाची भट्टी तापत असते, कॉम्प्रेसर चालू असतो, तेव्हा आम्ही पंचेचाळिसापर्यंत जातो. नेमक्या त्याच वेळी चार स्कूटरी आणि एक मोटार येऊन आपापल्या पिना लावीत होत्या. बेरीज पंचावन्न! घरी एकाच वेळी गीझर, इस्त्री आणि शेगडी लावली की फ्यूज उडतो, हे मला कळते. पण कारखान्यात मी तोच मूर्खपणा केला होता. दोष पूर्णपणे माझा. भार मोजायला वायरमनने सांगितले होते; मी ‘स्कूटरच तर आहेत’ म्हणून ते टाळले होते. मोटारीचा त्यात मी विचारच केला नव्हता.

उपाय मात्र फुकटचा निघाला. मोटारीच्या पेटीचा प्रवाह निम्मा करून ठेवला, तशी सोय पेटीतच असते. आणि वेळापत्रक लावले. भट्टी तापून झाली की, म्हणजे अकरानंतर, पिना लावायच्या. ज्यांना लांब जायचे त्यांनी आधी. आणि पाचच्या आत सगळ्या काढायच्या. त्यामागे कारण आहे. दिवसा सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच या वेळात सूर्यापासून होणारी वीज मुबलक असते, म्हणून त्या वेळेच्या विजेला कारखान्यांना सवलत मिळते, आणि संध्याकाळी दर चढतो. रात्री घरी गाडी भरली तर ती वीज बहुतेक कोळशाची. आपल्या एकलहऱ्याची धुराडी आपण सगळ्याच पाहतो. विजेच्या गाडीचा धूर रस्त्यावर निघत नाही, पण तो एकलहऱ्याला निघत नाही असे मी म्हणणार नाही. कामाच्या ठिकाणी, भर दुपारी गाडी भरण्यात हा एक मोठा गुण आहे, आणि तो मला बिलाच्या दंडामुळे समजला.

पहिला पावसाळा कसोटीचा गेला. शेडच्या कडेचा एक प्लग गळतीमुळे सारखा कळ पाडू लागला. मुले म्हणाली, कळच खराब आहे, काढून टाका. वायरमनने उघडून पाहिले, तर झाकणाच्या फटीतून आत पाणी आले होते. कळ आपले काम चोख करीत होती. झाकण बदलले, प्लग हातभर वर घेतला. कळ पडली की कळीवर राग काढायचा नाही, हे मी सर्वांना बजावून ठेवले आहे. आपल्या घरीही हे लक्षात ठेवा.

आता आमच्याकडे सात स्कूटरी झाल्या आहेत, त्यांतल्या पाच मुलींच्या. प्लग चारच आहेत, म्हणून पहिली तुकडी दीड वाजता पिना काढते, आणि दुसरी लावते. कधी कुरबुर होते. एकदा एकीने दुसरीची पिन अर्ध्यात काढली, त्यावरून दोन दिवस डबा वेगळा खाणे झाले. त्या सिन्नरच्या मुलीने गेल्या दिवाळीत नवी बॅटरी घेतली. आता तिला कारखान्यात भरायची गरज उरली नाही. तिने आपला नंबर सोडला आणि तो पिंपळगावहून येणाऱ्या नव्या मुलीला दिला. वेळापत्रक मात्र अजून तीच लिहिते, कारण माझे अक्षर मुलींना लागत नाही म्हणे.

ज्यांच्या इमारतीत हा प्रश्न आहे, त्यांच्यासाठी मी वहीतील पाने आणि आमच्या वेळापत्रकाची एक प्रत आणली आहे. ती कार्यवाहांकडे ठेवते.